आधी पाच, मग चाळीस

वैनी, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. घरासमोर मांडव घातला होता, सतरंज्या तुझ्याच शाळेतून आल्या होत्या. त्रिसरण-पंचशील झालं आणि मग लोक एकेक करून उठले, तुझ्याबद्दल बोलले. मनमिळाऊ, कष्टाळू, सालस. सालस हा शब्द तर बऱ्याच जणांनी वापरला. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, रडून राह्यला बिचारा. रडत होतोच, पण मधूनच हसूही येत होतं. तू आणि सालस? बोथच्या बाजारात तू येताना दिसलीस की वांगेवाला आधी तराजू सारखा करायचा, मग तोंडभर हसून ‘या बाई’ म्हणायचा.

माझी पाळी आली तेव्हा मी उठलो, माइक हातात घेतला आणि तसाच परत दिला. दादानं हात धरून खाली बसवलं. जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतंच. ते तुझं-माझं होतं. गेल्या पावसाळ्यात तुझं काय चाललं होतं हे दादालासुद्धा माहीत नाही, कारण तू मला शपथ घातली होतीस. शपथ घालणारं माणूसच गेलं की शपथेचं काय होतं, मला कळत नाही. मी ती मोडून राह्यलो. रागवायचं तर रागव.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी रांगत होतो. आई कापूस वेचायला मजुरीनं जायची आणि जाताना मला तुझ्या कडेवर टाकून जायची. नवी सून, नवी मास्तरकी आणि वर हे गाठोडं. तू मला शाळेतच घेऊन जायचीस म्हणे. हे सगळं ऐकीव. मला स्वतःला आठवतं ते पहिलीतलं. मी भर वर्गात ‘वैनी’ म्हणून हाक मारली आणि तू डस्टर टेबलावर आपटून म्हणालीस, "इथं वैनी कोणी नाही. इथं बाई आहेत." मग घरी मी ताटावर बसून "बाई, भाकर वाढा" म्हटलं, तर पाठीत धपाटा. कुठं काय म्हणायचं हे जमायला मला बराच काळ लागला.

त्या वर्गात आमचा सगळ्यांचा एकच घोळ होता, आणि तो सोडवायला तुलाच यावं लागलं. घरी आपण पंचेचाळीस म्हणतो. कानावर आधी पाच पडतो, मग चाळीस. आपला जिल्हा तेलुगू मुलखातला, म्हणून दुकानात, बसमध्ये तेलुगूत तेच ‘नलभै ऐदु’ होतं, म्हणजे चाळीस आधी आणि पाच मागून. दोन्ही कानांत दोन तऱ्हा. तू पंचेचाळीस म्हटलंस की अर्धी पोट्टी पाटीवर ५४ लिहायची. दुसऱ्या गुरुजींच्या वर्गात त्याला छडी होती. तू फळ्यावर दोन घरं काढलीस, शेजारी-शेजारी. उजवं घर एककाचं, डावं दशकाचं.

"जो आधी बोलला त्याला आधी त्याच्या घरी पोचवा," तू म्हणायचीस. "पंचे. पाच. कुठी राह्यते पाच? उजवीकडं. बसवा त्याला. आता चाळीस आला मागून. तो डावीकडं."

आणि तू स्वतः तसंच लिहायचीस. आधी ५, त्याच्या डावीकडं जागा सोडलेली, मग त्या जागेत ४. आमच्यासाठी म्हणून सुरू केलंस आणि तुझ्याच हाताला ते लागून गेलं. घरी दळणाच्या डब्यावर किलो लिहितानाही तू एकक आधी लिहायचीस. माझी ती सवय पुढं आदिलाबादच्या हायस्कुलात सुटली, कधी सुटली ते आठवतही नाही. तुझी सुटायचं कारणच नव्हतं. तू दरवर्षी नव्या पहिलीला तेच शिकवत होतीस.

मी बी.एस्सी. झालो, हैदराबादला कम्प्युटरचा कोर्स केला आणि आदिलाबादच्या एका सेंटरमध्ये शिकवायला लागलो. तुला सेंटर हा शब्द आवडायचा नाही. "शाळा म्हणायला लाज वाटते का रे?" त्या उन्हाळ्यात सेंटरनं नवीन मशिनी घेतल्या आणि जुनी एक मी सुट्टीपुरती घरी आणली. दादानं आधी विजेचं मीटर पाहिलं, मग मशीन पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. तू मात्र तिच्यासाठी जुन्या साडीचं पांघरूण शिवलंस.

जावा नावाच्या कम्प्युटरच्या भाषेत मी एक पान लिहीत होतो, बेरीज-वजाबाकीचं. तुझ्या पोट्ट्यांना सरावाला व्हावं म्हणून. तू अंबाडी निवडता निवडता मागं येऊन उभी राह्यलीस.

"काय करून राह्यला?"

"पान बनवून राह्यलो. इथं दोन आकडे टाकायचे, बटण दाबायचं, पान उत्तर घेऊन येते."

"कुठून घेऊन येते?"

"याच मशीनमधून. एक पान मागणारा, एक पान देणारा. दोघं याच्यातच राह्यतात."

"एका घरात राह्यतात तर चिठ्ठ्या कायले धाडतात एकमेकाले?"

मी म्हटलं, आज एका घरात आहेत, उद्या एक तुझ्या शाळेत बसेल आणि एक आदिलाबादला, तरी काम असंच चालेल. तुला ते पटलं. नातेवाइकांचंही असंच असते म्हणालीस.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. दोन आणि तीन टाकले, बटण दाबलं, उत्तर आलं तेवीस. तू हसली नाहीस. उलट म्हणालीस, "यात चूक काय हाय? दोनाच्या बाजूले तीन ठेवला तर तेवीसच दिसंन." अगदी तेच झालं होतं. पानावरून जे येतं ते लिहिलेलं अक्षर म्हणून येतं, आणि मशीन अक्षरं नुसती शेजारी ठेवते. मग मी तुला समजावलं की भाषेत संख्यांसाठी एक क्लास आधीच तयार आहे. त्याच्या हवाली अक्षर केलं की तो त्याची संख्या करून देतो, मग बेरीज होते.

"क्लास म्हंजे वर्ग?"

"हो."

"कितवीचा?"

क्लासच्या हवाली केलं, तेवीसचे पाच झाले, आणि तू म्हणालीस, "पहिलीचा हाय म्हणजे. पास." तेव्हापासून तू त्याला ‘तुझा वर्ग’च म्हणायला लागलीस, जसा काही मी तिथं मास्तर होतो.

दोन-चार दिवसांनी तू मला भागाकारावर पकडलंस. सात भागिले दोन केले, उत्तर तीन.

"सात भाकरी, दोघं जेवणारे," तू म्हणालीस. "तीन-तीन खाल्ल्या. सातवी कुठी गेली?"

"तो पूर्णांकांचा क्लास आहे वैनी. उरलेलं टाकून देतो."

"टाकून देतो? भाकर?"

मला दुसरा क्लास आणावा लागला, दशांशवाला. त्यानं साडेतीन दिले तेव्हा कुठं तू स्वैपाकाला गेलीस. जाताना म्हणालीस, "पोराईले चांगल्या घरचा वर्ग पाह्यजे." तो उन्हाळा मला फार आवडतो. तू चुका काढायचीस, मी दुरुस्त करायचो, दादा मीटर पाहायचा. घरात इतकं बोलणं मी लहानपणानंतर कधी ऐकलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, मी आदिलाबादला गेलो. मशीन तिथंच ठेवली, कारण तुला ती आधी स्वतः शिकून मग पोट्ट्यांना दाखवायची होती. मी रविवारी यायचो. तू शाळेतून आलीस की चहा घेऊन मशीनसमोर बसायचीस. चष्मा नाकावर उतरवून एकेक बटण शोधायचीस, दोन्ही आकडे टाकायचीस, मोठं बटण दाबायचीस आणि मगच मान वर करायचीस. तोवर पान जाऊन आलेलं असायचं. चौकोन रिकामे आणि खाली एकटं उत्तर. तसं मीच बनवलं होतं, पानावर पसारा नको म्हणून.

पहिल्या रविवारी तू म्हणालीस, "तुझा वर्ग चुकून राह्यला." मी बसलो, वीसेक बेरजा केल्या, सगळ्या बरोबर. मी छातीठोकपणे सांगितलं, "आता चूक निघायची नाही वैनी. भाषेतच तयार आलेला क्लास आहे, साऱ्या दुनियेत चालतो." तू "बरं" म्हणालीस. तुझं ते बरं मी साधं बरं समजलो.

त्यानंतरच्या रविवारी तू मशीनचं नावच काढलं नाहीस. कुलूप लावून झाल्यावर दोनदा ओढून पाहायचीस. भाजीची चव घ्यायचीस आणि पुन्हा दादाला "मीठ टाकलं ना मी?" म्हणून विचारायचीस. दादा आपला पेपरात. मी मशीनकडं बस म्हटलं तर "तूच बस" म्हणायचीस. मला वाटलं, कंटाळली.

मग तो रविवार आला. पाऊस लागून होता, दादा ऑफिसातल्या कुणाच्या घरी गेला होता. तू माझ्यासमोर पाटावर बसलीस आणि विचारलंस, "माही माय आठवते तुले?"

मला आठवत होती. शेवटी शेवटी ती तुलाही ‘कोण व बाई तू?’ म्हणायची.

"तिनं एकदा भाजीत मीठ म्हणून साखर टाकली होती," तू म्हणालीस. "आमी सगळे हासलो. तिच्या मनात मीठच व्हतं, बाबू. हातात साखर आली. तिथून सुरू झालं तिचं."

तू मशीनकडं बोट केलंस.

"मी मनात पंचेचाळीस म्हणतो अन् मशीनवर भलतंच जाते. बेरीज मले येते. पंचेचाळीस नि सत्तावीस बहात्तर, हे झोपेत सांगीन. पण माहा हात काय दाबते ते मले समजून नाई राह्यलं. सावकाश दाबून पाह्यलं. एकेक बटण पाहून. तरी तेच. कधी बरोबर येते, कधी नाई. मायचंबी तसंच व्हतं. कधी बरोबर, कधी नाई."

मग तू ठरवलेलं सांगितलंस. दसऱ्याच्या सुट्टीनंतर गणित सोडायचं. हेडमास्तरांना सांगून नुसतं मराठी घ्यायचं, आणि तेही जमेनासं झालं तर घरी बसायचं. "पोराईच्या डोक्यात चुकीचं घालून नाई द्यायचं मले." तू रडली नाहीस. बाजाराचं ठरवावं तसं सांगितलंस. आणि दादाला सांगायचं नाही म्हणून माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून शपथ घातलीस.

मी काय बोललो ते आठवून आजही माझं मला कसंतरी होतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हटलं. तू मुकाट्यानं आदिलाबादला आलीस, नवा चष्मा केलास, आणि नव्या चष्म्यातूनही उत्तर चुकीचंच आलं. तेव्हा मीही घाबरलो, वैनी. सेंटरमध्ये पोरांना शिकवताना मधेच थांबायचो. तू शाळेत आणि फळ्यावर गणित नाही, हे चित्र मला डोळ्यांपुढं आणताच येईना. तू मला पुढं कधीतरी ओळखणार नाहीस, हेही मनात यायचं. ते मी झटकून टाकायचो, ते परत यायचं.

दसऱ्याची सुट्टी लागली आणि मी घरी आलो. बसमध्ये येता येता एक साधी गोष्ट डोक्यात आली. सेंटरमध्ये मी रोज ओरडून सांगतो, उत्तर चुकलं तर उत्तराकडं पाहू नका, आधी आत काय आलं ते छापून पाहा. दुनियेला सांगतो आणि घरी चष्मा बदलतो. आल्या आल्या पिशवीही न सोडता मी पानात एक ओळ वाढवली. उत्तराच्या आधी पानानं स्वतः सांगायचं की मला कोणते आकडे मिळाले.

"वैनी, एकदा बस."

"नको रे."

"एकदाच. मी बाहेर ओट्यावर बसतो. पाहात नाही."

दादा विहारात गेला होता. मी ओट्यावर बसलो. आतून एकेक बटणाचा आवाज येत होता, मग थांबला. मी मनातल्या मनात काय काय केलं ते तुला सांगण्यासारखं नाही.

"बाबू, इकडं ये."

पानावर लिहिलं होतं: ५४ + ७२ = १२६.

"मी पंचेचाळीस नि सत्तावीस टाकले," तू म्हणालीस. आवाज अगदी बारीक.

मी कोनाड्यातला खडू तुझ्या हातात दिला. "इथं फरशीवर पंचेचाळीस लिही."

तू लिहिलंस. आधी ५. डावीकडं जागा. मग त्या जागेत ४.

मी म्हटलं, "परत." तू परत लिहिलंस, आणि या वेळी अर्ध्यातच हात थांबला. तू स्वतःच्या हाताकडं पाहिलंस, मग बटणांकडं. बटणांना डावं घर नसतं. जे आधी येतं ते डावीकडं जाऊन बसतं, आणि तू पाच आधी पाठवत होतीस, जसं तू मला पहिलीत पाठवायला शिकवलं होतंस. तुझ्या मनात आणि हातात काही फरक नव्हता. हात मनाचंच ऐकत होता, अक्षर न् अक्षर.

तू हसलीस. आधी नाकातल्या नाकात, मग पदर तोंडावर घेऊन, मग पदर सोडून. मग रडलीस. मीही रडलो, आणि आपण दोघं फरशीवर बसून असे रडत-हसत होतो की शेजारीण दारात येऊन पाहून गेली. "डोकं शाबूत हाय माहं," तू म्हणालीस. मला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं. मग माझ्याकडं वळलीस. "अन् तुझ्या वर्गाले एवढे दिवस सांगता नाई आलं काय ऐकून राह्यला ते? आमच्या पहिलीतली पोट्टीबी आधी प्रश्न परत म्हणते, मंग उत्तर देते."

ती दुपार तू मशीनवरून उठलीच नाहीस. तेहेतीस नि चव्वेचाळीस टाकले की बरोबर का येतं ते तुला दिसलं, आणि ‘कधी बरोबर, कधी नाई’चं भूत तिथंच उतरलं. बारा नि तेरा टाकले की बावन्न येतात, म्हणजे पंचवीसच, पण उलटे. मग पंचेचाळीस नि सत्तावीसचं उलटं का येत नाही? तू खडू घेऊन फरशी भरून टाकलीस. शेवटी शोधलंस: हातचा आला की मोडते, हातचा नसला की नुसतं उलटं होते. हा शोध लागल्यावर तू जी काही खुशीत आलीस, दादा आला तर त्याला आल्या आल्या भजी. काय झालं म्हणून त्यानं विचारलं. "काही नाही, मन झालं," तू म्हणालीस. दादानं भजी खाल्ली आणि मीटर पाहिलं.

सुट्टीनंतर तू गणितच शिकवलंस. हेडमास्तरांना मराठीचं काही सांगायची वेळच आली नाही. उलट तुझा आवाज वाढला. आठवडाभरात मशीन शाळेत नेलीस, आणि त्या पानावरून आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही.

मी तुझ्यासाठी पान बदललं होतं. प्रत्येक आकड्याला दोन चौकोन, उजवं घर आणि डावं घर. पान उघडलं की कर्सर आधी उजव्या घरात उभा, तिथं पाच टाकला की उडी मारून डाव्या घरात. मागं मी दोन्ही घरं नीट जोडून क्लासच्या हवाली करायचो. त्याला बिचाऱ्याला कळायचंही नाही की त्याच्याकडं आलेला पंचेचाळीस कुठल्या बाजूनं चालत आला. पोट्टी भराभर बेरजा करायला लागली. मला वाटलं, तू खूश होशील.

"हे काढ," तू म्हणालीस.

"काऊन?"

"हे पोट्टे उद्या आदिलाबादले जातीन, हैदराबादले जातीन. तिथं कोण याइले दोन घरं काढून देणार हाय? मी आपला हात बदलला, तेबी बदलतीन."

मी म्हटलं, तुझा हात चुकला नव्हता तर बदलायचा कशाला? आपली भाषा पाच आधी बोलते तर मशीननं पाच आधी घ्यावा. मशीन माणसासाठी असते. तू म्हणालीस, भाषणं देऊ नको. मी म्हटलं, पहिलीत तूच घरं काढून दिलीस म्हणून मी शिकलो. तू म्हणालीस, "हव. अन् दुसरीत पुसून टाकली." हे मात्र खरं होतं. पण मी हार मानली नाही. बोथच्या बस स्टँडवर मी गाडीत चढेपर्यंत आपण बोलत होतो. हायवेकडं कापसाच्या गाड्या जात होत्या, थंडी पडायला लागली होती, कंडक्टर दार आपटत होता, आणि तू खिडकीखाली उभी राहून मला सांगत होतीस की दुसऱ्या महिन्यात घरं काढून टाक, नाही तर मी स्वतः काढून टाकीन. मला ठाऊक होतं, ती धमकी नव्हती. तू खरंच त्या पानाच्या आत काय लिहिलंय ते वाचायला लागली होतीस.

माझं म्हणणं अजून तेच आहे, वैनी. तुझंही तेच असणार. पान अजून शाळेत आहे, दोन घरांसकट. तुझ्या जागी नवीन बाई येईल, तिला विचारून ठरवीन म्हणतो. तिला मी दोन्ही बाजू सांगीन, तुझी आधी.

तुला एक सांगायचं राहून गेलं. मी सेंटरमध्ये जे शिकवतो ते जावा वगैरे कुणीही शिकवेल. पण पोरगा अडला की मी त्याला ओरडत नाही, तो कोणत्या बाजूनं येऊन राह्यला ते पाहातो. हे मला तुझ्याकडून मिळालं. लोक मला चांगला मास्तर म्हणतात तेव्हा मी मान डोलावतो आणि तुझं नाव घेत नाही, कारण घेतलं तर फार बोलावं लागतं. इथं घेतलं. काल माइकवर एवढंच जरी म्हणता आलं असतं तरी चाललं असतं.

आणि आता त्या संध्याकाळचं.

तुझ्या छातीत कळ आली, दादानं जीप करून आदिलाबादला आणलं, मी सेंटरमधून तसाच धावत आलो. तोवर तू खाटेवर होतीस, दंडाला सुई, आणि डोळे उघडे. दुखणं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, रात्रभर ठेवू. सकाळी तू नसशील हे तेव्हा कुणाच्याच मनात नव्हतं. दादा औषधं आणायला खाली गेला. तेलुगू नर्स आली, नवीन पोरगी, मोडकंतोडकं मराठी बोलणारी. तुझं नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. तू वय सांगितलंस, तिनं लिहिलं आणि तो कागद खाटेच्या पायाशी अडकवून गेली.

मी सहज पाहिलं. कागदावर ५९ होतं.

तुझं वय एकोणपन्नास. दहा वर्षांचा फरक, आणि तू नुकतीच एवढ्या दुखण्यातून आलेली. मला तुझी माय आठवली. मनात मीठ, हातात साखर. मी वाकून, जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "वैनी, तिला वय किती सांगितलंस?"

"एकोणपन्नास."

"तिनं एकोणसाठ लिहिलं."

सहा महिन्यांपूर्वी तू गप्प झाली असतीस. माझ्याच तोंडून गेलं असेल म्हणाली असतीस, आणि नंतर कुलूप दोनदा ओढून पाहिलं असतंस. त्या संध्याकाळी तू माझ्याकडं पाहिलंस, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याकडं पाहायचीस तसं.

"तिनं पन्नास ऐकलं अन् एकोणचे नऊ समजून वर लावले," तू म्हणालीस. "आपलं एकोण त्याइच्यात नसते. बोलाव तिले."

मी बोलावलं. तू तिला तेलुगूत सांगितलंस, नलभै तोम्मिदी, चाळीस नि नऊ. ती पोरगी ओशाळली, खोडून ४९ केलं. तू तिला जवळ घेऊन एकोण म्हणजे काय ते समजावलंस, पन्नासाला एक कमी, साठाला एक कमी, आणि तिच्याकडून म्हणवूनही घेतलंस. ती गेल्यावर मी पांघरूण सारखं केलं. माझ्या तोंडावर काय दिसत होतं कोण जाणे, पण तुला ते कळलं.

"तुले वाटलं, माहं सुरू झालं," तू म्हणालीस.

मी खोटं बोललो नाही. हो म्हटलं.

"मले नाई वाटलं," तू म्हणालीस, आणि कुशीवर वळून झोपलीस.